मावशींचा रिपोर्ट आणि माझी जपमाळ



११ फेब्रुवारीला, लूर्ड्सच्या मातेच्या सणाला, आपल्या पॅरिशमध्ये जागतिक रुग्णदिन साजरा झाला. मिस्सेनंतर आजाऱ्यांना पवित्र तेल लावलं, चहा झाला, आणि मग मला पाच मिनिटं बोलायचं होतं. फादरनी दोन आठवडे आधी विषय दिला होता: बारा वर्षं रक्तस्रावानं पीडलेली ती बाई. मी कागद लिहून नेला होता. तिसऱ्या वाक्यापाशी घसा बसला आणि 'बाकीचं लिहून कळवते' असं म्हणून मी खाली बसले. पुष्कळांनी नंतर विचारलं, बरं नव्हतं का म्हणून. बरं होतं. बोलवेना, एवढंच. तेच आज लिहिते आहे.

ज्यांच्याबद्दल लिहिते त्या मावशी पहिल्या बाकावर बसल्या होत्या, डोक्याला स्कार्फ बांधून. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "नाव घालू नकोस. पण पिशवी म्हण, रक्त म्हण, कॅन्सर म्हण. नुसतं 'पोटाचं दुखणं' लिहून झाकू नकोस. झाकूनच हे झालंय की."

तर २०२३ चा ऑक्टोबर. जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी एकेका घरी आपण माळ करत होतो. एका संध्याकाळी सगळ्या निघाल्यावर मावशी मागे रेंगाळल्या. वय तेव्हा सदुसष्ट. मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, ते जाऊन दहा वर्षं झाली. चप्पल घालता घालता हळूच म्हणाल्या, "पोरी, एक विचारू? मला परत अंगावरून लाल जातंय. थोडंसंच. परकराला डाग पडतोय."

त्यांची पाळी जाऊन सोळा वर्षं झाली होती.

मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतंय. "उष्णता झाली असेल हो मावशी, ऑक्टोबर आहे. धणे-जिरे भिजवून प्या. मी तुमच्यासाठी नोव्हेना करते."

मी सव्वीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं आहे. दहावीच्या पुस्तकातलं प्रजननाचं प्रकरण दर वर्षी 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिलं, हेही आज कबूल करते. माझ्यापेक्षा कमी शिकलेली एखादी बाई 'डॉक्टरकडे चला' म्हणाली असती. मी धणे-जिरे म्हणाले.

नोव्हेना मात्र मनापासून केली. नऊ दिवस, सकाळी पाचला उठून. आणि पुढची गोष्ट मला सगळ्यात जड जाते. नवव्या दिवशी मावशींचा रक्तस्राव थांबला. मी इतकी हरखले की नोव्हेंबरच्या प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली. नाव घेतलं नाही, पण 'आपल्यातल्या एका बहिणीला प्रभूनं बरं केलं' असं सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी आलेलुया म्हटलंत.

गर्भपिशवीच्या कॅन्सरमधलं रक्त सुरुवातीला असंच येतं-जातं. चार दिवस दिसतं, महिनाभर दिसत नाही. थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. हे मला पाच महिन्यांनी कळलं.

फेब्रुवारीत सुनेनं कपडे भिजवताना डाग पाहिले. सून शहाणी आहे, तिनं सासूला विचारलं नाही, रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी केली. पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी साडेतीन मिलिमीटर निघाली. चारच्या आत आहे, घाबरू नका, या वयात कोरडेपणानंही असं होतं, असं सांगून मलम दिलं. मावशींच्या मनातही एक भरवसा होता. दोन वर्षांपूर्वी आपल्याच हॉलमध्ये झालेल्या शिबिरात त्यांची पॅप तपासणी नॉर्मल आली होती. आम्ही सगळ्या तेच धरून बसलो. पॅप तपासणी पिशवीच्या तोंडासाठी असते, पिशवीच्या आतलं दुखणं शोधायला ती नाही, हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. शिबिराचं आयोजन मीच केलं होतं!

त्या डॉक्टरांना मी दोष देत बसणार नाही. चार मिलिमीटरचा तो नियम खरा आहे आणि बहुतेक वेळा उपयोगी पडतो. पिशवीच्या अस्तराचा नेहमीचा जो कॅन्सर असतो तो बहुतेक करून इस्ट्रोजेन या हार्मोनच्या जोरावर वाढतो आणि त्यात अस्तर जाड होतं, म्हणून सोनोग्राफीत दिसतं. पण थोडे प्रकार असे आहेत की ते हार्मोनची वाट पाहत नाहीत. म्हातारपणी सुकून पातळ झालेल्या अस्तरातही उगवतात, नाहीतर एखाद्या छोट्या कोंबात, पॉलिपमध्ये, लपून राहतात. तिथे साडेतीन मिलिमीटरचा दिलासा पुरत नाही. म्हणून जाडी कमी असली तरी रक्त पुन्हा दिसलं तर तुकडा काढून तपासायचा, हे त्या नियमाचंच दुसरं अर्धं वाक्य आहे. ते अर्धं वाक्य डॉक्टरांनी सांगितलं नाही की आम्ही आनंदात ऐकलं नाही, कोण जाणे.

२९ मार्चला गुड फ्रायडे होता. क्रूसाच्या वाटेत सहाव्या ठिकाणापाशी, वेरोनिका येशूचा चेहरा पुसते तिथे, मावशी मटकन खाली बसल्या. साडी भिजली होती. बायकांनी ओढण्या धरल्या आणि त्यांना आडोशाला नेलं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा लाज जास्त होती. "देवळाच्या आवारात असं झालं गं," एवढंच म्हणत होत्या. मी त्यांचा हात धरला होता आणि नवव्या दिवसाची माझी साक्ष माझ्या कानात वाजत होती.

(जुन्या एका परंपरेत रक्तस्रावाच्या त्या बाईलाच वेरोनिका म्हटलं आहे. पिलाताच्या नावावर असलेल्या, बायबलबाहेरच्या एका जुन्या ग्रंथात ती येशूच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहते. ज्या बाईनं लपून झग्याला हात लावला तीच पुढे सगळ्यांदेखत कापड घेऊन धावली, असं लोकांना वाटत आलं. हे मला फादरनी नंतर सांगितलं.)

ईस्टरनंतर दुसऱ्या डॉक्टरबाई पाहिल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सोनोग्राफी ठेवा बाजूला, दुर्बीण घालून आत बघू आणि तुकडा घेऊ. आत एक पॉलिप दिसला. तो काढला, अस्तरही खरवडून घेतलं, आणि फॉर्मालिनच्या बाटलीत सगळं तपासायला गेलं.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. इंग्रजीतले रिपोर्ट आपल्या गटात माझ्याकडेच येतात, त्यामुळे सुनेनं तो माझ्याच हातात दिला. अडिनोकार्सिनोमा हा शब्द मला कळला. पुढे लिहिलं होतं की काही पेशींचा आतला भाग स्वच्छ दिसतो, क्लिअर सेल कार्सिनोमाची शक्यता आहे, खात्रीसाठी आणखी तपासण्या कराव्यात. मावशी समोर बसून शेंगा सोलत होत्या. "काय लिहिलंय?" म्हणाल्या. 'क्लिअर' शब्द वाचून माझ्या मनात क्षणभर आलं की काहीतरी चांगलं असेल. क्लिअर म्हणजे साफ, निर्मळ. शब्द असा फसवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना भेटायला गेलो. त्यांना पेशंट भेटायला येत नाहीत, स्लाइडच येतात, त्यामुळे ते थोडे गोंधळलेच. मग मात्र त्यांनी मायक्रोस्कोपला टीव्ही जोडला आणि मावशींना त्यांच्याच पेशी दाखवल्या. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

गुलाबी-जांभळ्या रंगात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रिकाम्या खोल्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, या पेशी ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरभरून ठेवतात. तुकडा तपासणीसाठी तयार करताना ती साखर विरघळून निघून जाते आणि मागे मोकळी जागा राहते. म्हणून नाव क्लिअर सेल. मग त्यांनी काच सरकवली. इथे पेशींच्या रांगा होत्या आणि प्रत्येक पेशीचं केंद्रक टोकाला येऊन पोकळीत डोकावत होतं, डोकं बाहेर काढल्यासारखं. याला हॉबनेल म्हणतात, ते म्हणाले, म्हणजे बुटाच्या तळाला मारतात त्या खिळ्यांची डोकी.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. एकदम म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या अम्युनिशन बुटाला होते की तसले खिळे! परेडला निघाले की सगळ्या गल्लीला आवाज यायचा." आणि हसल्या. डॉक्टरही हसले. एवढ्या मोठ्या आजाराची ओळख मावशींना त्यांच्या संसारातल्या एका वस्तूवरून पटली. त्यानंतर त्या आजाराला त्या 'बुटाचे खिळे' असंच म्हणतात.

मी विचारलं, एवढं स्पष्ट दिसतंय तर शंका कसली? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. नुसती स्वच्छ पेशी दिसली म्हणजे क्लिअर सेल कार्सिनोमा असं नाही. पिशवीच्या नेहमीच्या कॅन्सरमध्येही काही पेशी अशा फुगून स्वच्छ दिसू शकतात. सीरस नावाचा दुसरा आक्रमक प्रकार आहे, त्यात आणि यात कधी कधी गल्लत होते. किडनीच्या एका कॅन्सरच्या पेशीही अशाच दिसतात. एके काळी तर हा आजार गर्भातल्या किडनीच्या उरलेल्या अवशेषांपासून होतो अशी समजूत होती. शिलर नावाच्या डॉक्टरांनी १९३९ मध्ये अंडाशयातल्या अशा गाठींना मेसोनेफ्रोमा हे नाव दिलं होतं. तसं नाही, या पेशी स्त्रीच्या जननमार्गाच्याच आहेत, हे मागाहून उमगलं. आणि हा प्रकार दुर्मीळ आहे. पिशवीच्या अस्तराच्या शंभर कॅन्सरमध्ये पाचही नसतात. लहान गावातल्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखाली तो वर्षातून एखादा आला तर आला. "मी शंका घेतो म्हणजे मला येत नाही असं समजू नका," ते म्हणाले. "उपचार वेगळे आहेत. चुकीचं नाव देऊन चालणार नाही."

नाव काय द्यायचं हे ठरवायला विशेष रंगांची तपासणी करायची होती आणि दुसऱ्या एका जाणकाराची नजरही हवी होती. तुकडे मेणात बसवून त्याचे ठोकळे करतात. ते ठोकळे आणि काचा मुंबईला परळला टाटा रुग्णालयात न्यायचं ठरलं. मावशींच्या मुलानं रात्रीची बस धरली. ठोकळे छोट्या डब्यात, डबा शर्टाच्या आतल्या खिशाला धरून. मेण आहे, उन्हात ठेवू नको, असं सूनबाई त्याला तीनदा बजावत होती. मे महिना होता.

मग थांबणं. थांबण्याच्या त्या दिवसांत मी माळ हातात घेई आणि काय मागावं ते कळत नसे. रिपोर्ट चांगला येऊ दे म्हणावं? पण ठोकळ्यात जे आहे ते आहे. मेणात बसलेली पेशी माझ्या माळेनं बदलायची नाही. आधी एकदा मी माळ ओढून रक्त थांबवलं असं समजले होते आणि त्याचं काय झालं ते पाहत होते. एका रात्री मी नुसती माळ हातात धरून बसले, एक शब्दही बोलले नाही. मग सुचलं ते एवढंच मागितलं: जो कोणी उद्या त्या काचेवर डोळा लावील त्याचा डोळा थकलेला नसू दे. त्याला घाई नसू दे. दुसऱ्या दिवशीही तेच. प्रार्थना करायला मी चाळीस वर्षं शिकते आहे, पण अशी नेमकी मागणी मी कधी केली नव्हती.

त्याच दिवसांत मी मार्कचा पाचवा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. त्या बाईची गोष्ट तीन शुभवर्तमानांत आहे. मार्क सांगतो की ती पुष्कळ वैद्यांच्या हाती सापडून हाल सोसत होती, होता नव्हता पैसा संपला होता आणि दुखणं उलट वाढलं होतं. लूक तीच गोष्ट सांगतो, पण वैद्यांबद्दलची कडू वाक्यं गाळतो. पौलानं कलस्सैकरांच्या पत्रात लूकला वैद्य म्हटलं आहे, म्हणून पुष्कळजण हसून म्हणतात की लूकनं आपल्या जातभाईंना सांभाळून घेतलं. मलाही पूर्वी ते गमतीचं वाटायचं. आता मार्कचं वाक्य वाचताना मी स्वतःला वैद्यांच्या त्या यादीत पाहते, धणे-जिरे सांगणारी.

आणखी एक. लेवीय पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे रक्त जाणारी बाई अशुद्ध. ती जिथे बसेल ती जागा अशुद्ध, तिला शिवेल तो अशुद्ध. म्हणून ती मागून आली. तिला कोणालाही काही सांगायचं नव्हतं. गपचूप गोंड्याला हात लावून गर्दीतून निघून जायचं होतं. आणि येशू मात्र थांबला. याइराची मुलगी मरायला टेकली आहे, बाप घाई करतो आहे, शिष्य म्हणतात गर्दीत कुणाचाही धक्का लागेल, तरी तो थांबून विचारतो की मला शिवलं कोण. मी लहानपणापासून विचारायची, बरी झाली ना ती, मग कशाला तिला पुढे ओढायचं? आता वाटतं, त्यानं तिला नुसतं बरं करून सोडलं असतं तर ती बरी झाली असती पण लपलेलीच राहिली असती. तिनं थरथरत सगळं खरं खरं सांगितलं असं मार्क लिहितो. सगळं. रस्त्यात, पुरुषांच्या गर्दीत, आपल्या अंगावरच्या रक्ताबद्दल. आणि त्यानं तिला मुली म्हणून हाक मारली.

मावशी आमच्या बाकावरून मागून आल्या होत्या, चप्पल घालताना. त्यांनी सांगितलं होतं. मी थांबले नाही.

आपल्या बायबलमध्ये सिराखचा ग्रंथ आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात आजाऱ्याला सांगितलं आहे की प्रार्थना कर, पाप सोड, आणि वैद्यालाही त्याची जागा दे, कारण त्यालाही देवानंच निर्माण केलं. दोन्ही एकाच ठिकाणी, एकापाठोपाठ. मी त्यातलं पहिलं वाचून पुस्तक मिटलं होतं.

मुंबईचा रिपोर्ट आला. क्लिअर सेल कार्सिनोमा पक्का. नॅप्सिन-ए आणि एचएनएफ-१ बीटा या खुणा उमटल्या होत्या, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या उमटल्या नव्हत्या. आनुवंशिक लिंच दोषाची शंका घेण्यासाठी ज्या चार प्रथिनांकडे बघतात ती जागेवर होती, म्हणून मावशींच्या मुलीच्या डोक्यावरचा भार थोडा हलका झाला. नाव कळल्यावर उपचाराचा रस्ताही ठरला. नुसती पिशवी काढून भागणार नव्हतं. हा प्रकार पोटात इतरत्र लवकर पसरू शकतो, म्हणून पिशवी, दोन्ही नळ्या, अंडाशय, आसपासच्या लसिकाग्रंथी आणि आतड्यावरचा चरबीचा पदर, हे सगळं काढून तपासायचं.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. पावसाला नुकती सुरुवात झाली होती. आदल्या दिवशी फादरनी वॉर्डात येऊन तैलाभ्यंग दिला. शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान आजींनी विचारलं, हे काय करतात, आणि ऐकून स्वतःच्या सुनेला म्हणाल्या, आपल्यासाठीही दुआ करायला सांग. फादर त्यांच्यापाशीही बसले.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवरून घरात रडारड झाली, ती सांगायला हवी, कारण अशी चूक कुणाच्याही घरी होईल. गाठ पॉलिपमध्ये होती आणि पिशवीच्या स्नायूत अगदी थोडी शिरली होती. ग्रंथी आणि चरबीचा पदर साफ. जुन्या पद्धतीप्रमाणे ही पहिली पायरी, आणि रिपोर्टात तसं लिहिलंही होतं. पण खाली २०२३ च्या नव्या पद्धतीप्रमाणे दुसरी पायरी असंही लिहिलं होतं. मुलाला वाटलं आठ दिवसांत आजार वाढला. वाढला नव्हता. नव्या पद्धतीत पेशी कुठल्या जातीची आहे हेही पायरी ठरवताना धरतात. क्लिअर सेलसारखी आक्रमक जात असेल आणि ती स्नायूत जराशी जरी शिरली असेल तर तिला दुसऱ्या पायरीवर बसवतात. गाठ तीच, मोजपट्टी वेगळी. हे समजावून सांगायला डॉक्टरबाईंना पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांआधीची रात्र त्या घरानं कशी काढली ते मी पाहिलं आहे.

मग केमो. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, तीन आठवड्यांनी एक, असे सहा. दुसऱ्या सलाइननंतर केस गेले. बोटांच्या टोकांना मुंग्या येत, त्यामुळे त्यांना माळेचे मणी कळेनात. माळ करताना त्या मणी मोजायच्या आणि मध्येच हरवायच्या. मग आम्ही दोघी एकच माळ धरू लागलो. मी मणी सरकवायची, त्या म्हणायच्या. नाताळाआधी आतून द्यायचं रेडिएशन झालं. त्या वर्षी नेवऱ्या सुनेनं केल्या आणि मावशींनी खुर्चीत बसून प्रत्येक नेवरीला नावं ठेवली.

ऑगस्टमध्ये, तिसऱ्या केमोच्या दिवशी, मी त्यांची माफी मागितली. सलाइन चालू होतं. पळून जाण्याची सोय नव्हती, त्यांनाही आणि मलाही. ऑक्टोबरबद्दल बोलले, नोव्हेनेबद्दल बोलले, साक्षीबद्दलही. त्या बराच वेळ थेंब मोजत राहिल्या.

"तू म्हणालीस म्हणून मी थांबले नाही," त्या म्हणाल्या. "मला तेच ऐकायचं होतं. तू डॉक्टर म्हणाली असतीस तर मी दुसरीकडे जाऊन विचारलं असतं." मग थोड्या वेळानं, "पण साक्ष दिलीस ते बरं नाही केलंस."

"माहीत आहे."

"मग जाऊन सांग की."

म्हणून सप्टेंबरमध्ये आपल्या महिला मंडळाची ती बैठक झाली, जिला काहीजणींनी नाकं मुरडली होती. आधी मी उभी राहून माझी साक्ष मागे घेतली. देवानं काही केलं नाही असं मी म्हटलं नाही. देवाच्या नावावर मी माझी चूक खपवली, असं म्हटलं. मग डॉक्टरबाई बोलल्या, मराठीत आणि थोडं कन्नडमध्ये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कितीही थोडं, एकदाच का होईना, रक्त दिसलं तर ते दाखवायचंच, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. घाबरवलंही नाही. असं रक्त गेलेल्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ जणींनाच हा कॅन्सर निघतो, बाकीच्यांना दुसरं साधंसुधं कारण असतं. पण ज्यांना निघतो त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणींना आधी रक्तच दिसलेलं असतं. शरीर एवढं स्पष्ट सांगतं आणि आपण परकर धुऊन वाळत घालतो.

फादर त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. आत बोलवा म्हटलं तर म्हणाले, बायका मोकळ्या बोलणार नाहीत. शेवटी कोणीतरी दार उघडून त्यांना आत आणलंच. ते आले आणि आल्या आल्या बारा वर्षांच्या त्या बाईचा उतारा त्यांनी वाचला, एकही शब्द न गाळता.

बैठकीनंतर दोघी जणी डॉक्टरबाईंपाशी थांबल्या होत्या. एकीला पॉलिप निघाला, साधा. दुसरीचं काय झालं ते तिनं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण ती गेली होती हे मला ठाऊक आहे, कारण रिक्षा मीच ठरवून दिली होती.

मावशी बऱ्या आहेत का, असं तुम्ही मला देवळाबाहेर विचारता. आज त्यांच्या अंगात आजार दिसत नाही. हा प्रकार परत येऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी आहे आणि दर वेळी आदल्या रात्री घरात कोणी नीट झोपत नाही. केस उगवू लागले आहेत, पांढरेशुभ्र आणि कुरळे. स्कार्फ आता फक्त देवळात बांधतात.

५ मार्चला राखेचा बुधवार आहे. त्याच्या आदल्या दिवशी मावशींची पुढची तपासणी आहे. त्या दिवशी सकाळी आठवण झाली तर त्यांच्यासाठी एक प्रार्थना करा, आणि जी डॉक्टरबाई त्यांना तपासणार आहे तिच्यासाठीही. फाइल माझ्याकडे आहे. ती घेऊन साडेआठला मी त्यांच्या दारात उभी राहीन. माळ त्या आणणार आहेत.